‘नहम’: पस्तावा की सांत्वन? १ शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायाविषयी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमच्या अभ्यासगटात बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा पंधरावा अध्याय चालू होता. अकराव्या वचनात परमेश्वर शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो, की शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होत आहे. एकोणतिसाव्या वचनात तोच शमुवेल शौलाला ठणकावून सांगतो, की परमेश्वर पस्तावायला काही माणूस नव्हे. आणि पस्तिसाव्या वचनात, अध्याय संपता संपता, ग्रंथकार पुन्हा लिहितो की शौलाला राजा केल्याचा परमेश्वराला पस्तावा झाला. हे कोडे सोडवण्यासाठी तुम्ही मोबाइलवरचा शब्दकोश उघडला, तर तिन्ही ठिकाणी ‘नहम’ हे एकच क्रियापद निघाले आणि त्याच्यापुढे सांत्वन करणे, दिलासा देणे, पस्तावणे, कीव येणे, मन बदलणे अशी अर्थांची माळ दिसली. तुम्ही विचारता, की एकच शब्द पस्तावा आणि सांत्वन असे दोन भलतेच अर्थ कसे धरतो, आणि मग देव पस्तावतो की पस्तावत नाही?

यात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. पहिला भाषेचा आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच ठामपणे देता येते. दुसरा देवाच्या स्वरूपाचा आहे. त्याचे उत्तर तुम्ही कोणत्या परंपरेत वाढलात आणि ‘देव बदलत नाही’ या वाक्याला किती वजन देता यावर बरेचसे अवलंबून राहते. मी व्याकरण शिकवणारा माणूस आहे. गेली बावीस वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलचे हिब्रू शिकवत आलो आणि अधूनमधून मराठी भाषांतरांच्या तपासणीलाही बसलो. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर विस्ताराने लिहितो, आणि दुसऱ्यासाठी त्यातून जेवढा उजेड मिळतो तेवढाच दाखवतो.

प्रथम शब्दाची घडण. ‘नहम’ हा नून, हेत आणि मेम या तीन अक्षरांचा धातू. मधले हेत हे घशातून घासून येणारे अक्षर आहे. देवनागरीत त्याला नेमकी जागा नाही, म्हणून मी येथे ‘ह’ लिहितो. हिब्रूत धातू वेगवेगळ्या साच्यांत ओतला जातो आणि त्या साच्यांना ‘बिन्यान’ म्हणतात. शब्दकोशाचे ॲप तुम्हाला धातू दाखवते, पण त्या वचनातला साचा बहुधा दाखवत नाही, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. हे क्रियापद हिब्रू बायबलात एकशे आठ वेळा येते. त्यांपैकी ४८ वेळा निफाल या साच्यात, ५१ वेळा पिएलमध्ये, दोनदा पुआलमध्ये आणि सात वेळा हिथपाएलमध्ये. साधा, मूळ समजला जाणारा ‘काल’ हा साचा या धातूला एकदाही लागलेला नाही. आता ‘सांत्वन करणे’ हा अर्थ जवळजवळ सगळाच पिएलचा आहे, आणि पुआल हे त्याचेच कर्मणी रूप. ‘पस्तावणे, मन बदलणे, हळहळणे’ हे अर्थ प्रामुख्याने निफालचे आहेत. तुम्ही पाहिलेली माळ ही दोन वेगळ्या साच्यांतल्या अर्थांची एकत्र ओवलेली माळ आहे. १ शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात हा शब्द चार वेळा येतो (एकोणतिसाव्या वचनात दोनदा) आणि चारही वेळा तो निफालच आहे. तेव्हा ‘सांत्वन करणे’ हा अर्थ त्या अध्यायापुरता बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात, की साचा ओळखायचा कसा? बहुतेक रूपांत ते अवघड नाही. ‘यनहेम’ म्हटले की पिएल, ‘यिन्नाहेम’ म्हटले की निफाल. मात्र भूतकाळाच्या तृतीयपुरुषी एकवचनात पंचाईत होते. हेत हे अक्षर द्वित्व घेत नाही, त्यामुळे निफालचे ‘निहम’ आणि पिएलचे ‘निहम’ ही दोन्ही रूपे कानाला आणि डोळ्यांना सारखीच होतात. मी फळ्यावर नेहमी दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहितो. एक आमोस ७:३ मधले: ‘निहम अदोनाय अल-झोत’. दुसरे यशया ४९:१३ मधले: ‘निहम अदोनाय अम्मो’. क्रियापद तेच, कर्ता तोच, शब्दांची संख्याही जवळपास तीच. पण पहिल्या वाक्यात क्रियापदानंतर ‘अल-झोत’, म्हणजे ‘याविषयी’, असे आले आहे. दुसऱ्यात ‘अम्मो’, म्हणजे ‘आपल्या प्रजेला’, असे थेट कर्म आहे. म्हणून पहिल्याचा अर्थ ‘परमेश्वराचे मन याविषयी पालटले’ असा होतो (आमोसाने टोळधाडीचा दृष्टांत पाहून विनवणी केल्यानंतरचे हे वाक्य आहे), आणि दुसऱ्याचा ‘परमेश्वराने आपल्या प्रजेचे सांत्वन केले’ असा. शब्द न बदलता नुसत्या शेजाराने अर्थ बदलतो. शब्दकोशाच्या आधी वाक्य वाचावे, असे मी वर्गात सांगतो ते याच जोडीच्या जोरावर.

मराठी माणसाला हे खरे तर परके वाटू नये. आपण ‘निवणे’ म्हणतो आणि ‘निववणे’ म्हणतो. पहिल्यात मन आपले आपण शांत होते, दुसऱ्यात कोणीतरी ते शांत करते. उत्पत्ती ३७:३५ या एकाच वचनात हिब्रूने अशी दोन रूपे समोरासमोर उभी केली आहेत. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून याकोब शोक करीत बसला आहे. त्याचे सगळे मुलगे आणि मुली उठतात ‘लनहमो’, म्हणजे त्याची समजूत घालायला; तो मात्र नकार देतो ‘लहिथनहेम’, म्हणजे स्वतःची समजूत पटवून घ्यायला. पहिले रूप पिएलचे, दुसरे हिथपाएलचे. समजूत घालणारे पुष्कळ आहेत, पण ती पटवून घेणाराच तयार नाही, हे एवढ्या दोन शब्दांत आले. भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘सांत्वन’ हा शब्द ठेवला की वाक्य बरोबर राहते, पण त्यातला ताण निघून जातो. शिवाय समजूत घालणाऱ्यांपैकीच काही जणांनी तो झगा रक्तात बुडवला होता, हे वाचकाला माहीत असते आणि याकोबाला नसते.

आता मूळ शंकेकडे. मन शांत होणे आणि मनाला खेद होणे या दोन टोकांना एकच धातू कसा? याचे एक झटपट उत्तर प्रवचनांतून फिरते: अरबीतल्या एका सदृश धातूचा अर्थ जोराने श्वास टाकणे असा आहे, म्हणून ‘नहम’ म्हणजे मुळात दीर्घ निःश्वास, दुःखाने टाकला तर पस्तावा, सुटकेने टाकला तर सांत्वन. कल्पना छान आहे आणि मीही सुरुवातीची काही वर्षे ती वर्गात सांगत असे. नंतर सोडून दिली. शब्दाचे पूर्वज कोण होते यावरून त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, हे भाषेचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांना चांगलेच सुनावले होते. आपल्याकडे ‘साहस’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ अविचार आणि बळजबरी यांच्याकडे झुकतो. म्हणून आज कोणी मुलाच्या साहसाचे कौतुक केले तर त्याला अविचारी ठरवले असे आपण म्हणत नाही. ‘नहम’ वापरणाऱ्या यिर्मयाच्या मनात त्या क्षणी श्वास होता, असे दाखवणारे काहीही ग्रंथात नाही.

व्युत्पत्ती बाजूला ठेवून वापरच पाहिला, तर मला जे दिसते ते असे. निफालमधले ‘नहम’ एखाद्या गोष्टीविषयीची मनाची धारणा पालटल्याचे सांगते. ती गोष्ट कोणती आणि मन कोणत्या बाजूला पालटले, हे क्रियापद स्वतः सांगत नाही, त्याच्या सोबतचे शब्द सांगतात. मराठीत शब्दयोगी अव्यये नामानंतर लागतात, हिब्रूत त्यांच्या जागी येणारे शब्द नामाच्या आधी येतात. या क्रियापदाच्या बाबतीत सगळी चावी त्यांच्याकडे आहे. उत्पत्ती २४:६७ मध्ये इसहाक रिबकेला घरी आणतो आणि ‘आईनंतर’ त्याचे मन निवते. यशया १:२४ मध्ये परमेश्वर ‘शत्रूंपासून’ असे म्हणतो आणि अर्थ होतो की त्यांचा निकाल लावून मी एकदाचा मोकळा श्वास घेईन. (श्वास आलाच, पण तो माझ्या मराठीतून आला, हिब्रूतून नव्हे.) शास्ते २१:१५ मध्ये इस्राएल लोक ‘बन्यामीनासाठी’ कळवळतात, ज्या वंशाला त्यांनीच युद्धात जवळजवळ संपवले होते, त्याच्याविषयी. आणि जेव्हा ‘अल-हाराआ’, म्हणजे ‘त्या अरिष्टाविषयी’, असे शब्द येतात, तेव्हा ठरवलेली शिक्षा मागे घेतली जाते. निर्गम ३२:१४ मध्ये सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशेच्या विनवणीनंतर हेच घडते. मात्र मन नेहमी दयेकडेच पालटते असे समजू नये. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या घरचा प्रसंग आहे. तिथे आठव्या वचनात परमेश्वर योजलेल्या अरिष्टाविषयी ‘निहम’ होतो आणि दहाव्यात योजलेल्या कल्याणाविषयीही.

या क्रियापदात पाप मुळातच गृहीत नाही, हे दाखवायला मला निर्गम १३:१७ सगळ्यांत आवडते. मिसरातून निघालेल्या लोकांना देवाने पलिष्ट्यांच्या देशातल्या जवळच्या वाटेने नेले नाही, कारण लढाई पाहून लोक कदाचित ‘यिन्नाहेम’ होतील आणि मिसरात परततील. इथे कर्ता माणसे आहेत, आणि अर्थ सरळ ‘मन बदलणे’, आपल्या बोलीत ‘कच खाणे’, असा आहे. याच वचनाने एकदा माझा एक हुशार विद्यार्थी तोंडघशी पडला होता. वचनाच्या सुरुवातीलाच ‘लो नाहाम एलोहीम’ असे शब्द आहेत. त्याने ॲपमध्ये अक्षरे टाकली, नून, हेत, मेम, आणि ‘देवाला पस्तावा झाला नाही’ असे भाषांतर करून त्यावर दोन पाने लिहून आणली. वास्तविक तो शब्द ‘नहा’ म्हणजे नेणे या वेगळ्याच धातूचा आहे आणि शेवटचा मेम म्हणजे ‘त्यांना’: देवाने त्यांना नेले नाही. लेखकाने ‘नाहाम’ आणि ‘यिन्नाहेम’ हा नाद मुद्दाम जुळवला असावा असे मला वाटते, आणि त्या विद्यार्थ्याचा कान निदान बरोबर लागला होता, हे मी त्याला सांगितलेही.

आपल्या भाषेची अडचण इथून पुढे सुरू होते. मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हटले की त्याच्या आधी अपराध आलाच. चर्चमध्ये वाढलेल्यांच्या कानाला तर हा शब्द पापाची कबुली आणि नव्या वाटेला लागणे एवढे सगळे घेऊनच ऐकू येतो. पण हिब्रूत माणसाच्या त्या वळण्याला मुख्यतः दुसरे क्रियापद आहे: ‘शूब’, म्हणजे फिरणे, परतणे. योनाच्या तिसऱ्या अध्यायात दोघांची वाटणी स्वच्छ दिसते. निनवेचे लोक आपल्या वाईट मार्गापासून ‘शाबू’, म्हणजे फिरले, आणि देव त्या अरिष्टाविषयी ‘यिन्नाहेम’ झाला. लोकांचे वाईट वागणे आणि देवाने योजलेले अरिष्ट या दोहोंसाठी त्या वचनात ‘राआ’ हा एकच शब्द आहे. लोकांनी आपली राआ सोडली, देवाने आपली सोडली. दोन्ही क्रियापदांना मराठीत ‘पश्चात्ताप’ हा एकच शब्द दिला, तर देवानेही पाप केले होते की काय, असा प्रश्न रविवारच्या शाळेतले मूल विचारणारच, आणि त्यात मुलाची काही चूक नाही. वाटणी अगदी काटेकोर आहे असा मात्र माझा दावा नाही. यिर्मया ८:६ मध्ये ‘आपल्या दुष्टतेविषयी कोणीही निहम होत नाही’ असे माणसांबद्दलच म्हटले आहे, आणि यिर्मया ३१:१९ मध्ये एफ्राइम म्हणतो, ‘मी फिरल्यानंतर निहम झालो’. तिथे दोन्ही क्रियापदे एकाच माणसाची आहेत. तरी त्या वाक्यातही फिरणे वेगळे आणि मनाचे हळहळणे वेगळे, हे दिसतेच.

आता उत्पत्ती ६:६ कडे येऊ, कारण तुमच्या अध्यायाची गुरुकिल्ली तिथे आहे असे मला वाटते. पाचव्या अध्यायाच्या शेवटी लामेखाला मुलगा होतो. तो त्याचे नाव नोहा ठेवतो आणि म्हणतो, की हा आमच्या कामापासून आणि आमच्या हातांच्या कष्टांपासून आम्हाला ‘यनहमेनू’, म्हणजे दिलासा देईल. थोड्याच वचनांनंतर, माणसाची दुष्टता पाहून, परमेश्वर पृथ्वीवर माणूस केल्याबद्दल ‘यिन्नाहेम’ होतो आणि त्याच्या अंतःकरणाला क्लेश होतात. मराठीत ही दोन वाक्ये वाचताना त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे जाणवतसुद्धा नाही. हिब्रूत मात्र तीन धातू तेच आहेत: लामेखाचे ‘काम’ आणि देवाचे माणूस ‘करणे’ एका धातूचे, लामेखाचे ‘कष्ट’ आणि देवाचे ‘क्लेश’ एका धातूचे, आणि तिसरा आपला ‘नहम’. बाप जो दिलासा मुलाकडून मागतो, त्याच शब्दाने देवाचे दुःख सांगितले जाते. इथे ‘पश्चात्ताप’ हा शब्द घातला की देवाच्या हातून चूक झाली असे वाटू लागते. पण त्याच वचनाचा उत्तरार्ध अंतःकरणाच्या वेदनेबद्दल बोलतो आहे, चुकीबद्दल नाही. मी इथे ‘माणूस केल्याचे परमेश्वराला फार दुःख झाले’ असे वाचतो.

यानंतर १ शमुवेलाचा पंधरावा अध्याय पाहा. अकराव्या वचनात ‘निहमती की हिमलाखती’, म्हणजे ‘मी राजा केले म्हणून मी निहम झालो’, आणि पस्तिसाव्यातही तसेच हिब्रू ‘की’ (म्हणजे ‘कारण’) आणि त्यापुढे घडून गेलेली कृती. ही रचना थेट उत्पत्ती ६:६ ची आहे: जे केले त्याचे पुढे काय झाले ते पाहून वाटलेले दुःख. एकोणतिसाव्या वचनातली रचना वेगळी आहे. तिथे ‘अमुक केल्याबद्दल’ असे काही नाही. तिथे क्रियापदाच्या जोडीला ‘लो यशक्केर’, म्हणजे ‘खोटे बोलत नाही’, असे आहे. ‘नहम’ची खोटेपणाशी किंवा शपथेशी जोडी लागते तेव्हा अर्थ ‘दिलेला शब्द फिरवणे’ असा होतो. गणना २३:१९ मध्ये बलाम या द्रष्ट्याच्या तोंडी अशीच जोडी आहे, आणि स्तोत्र ११०:४ मध्ये ‘परमेश्वराने शपथ वाहिली आहे आणि तो यिन्नाहेम होणार नाही’ असे वाक्य आहे. संदर्भही हेच सांगतो. शौलाने शमुवेलाचा झगा धरला आहे, तो फाटला आहे, आणि राज्य तुझ्यापासून फाडून घेतले आहे असा निकाल नुकताच दिला गेला आहे. शमुवेल म्हणतो तो निकालाविषयी: हा आता फिरणार नाही. त्यामुळे अकरा आणि पस्तीस ही वचने एका गोष्टीविषयी आहेत आणि एकोणतिसावे दुसऱ्या. शब्द एकच, पण विरोध नाही.

मी हे समाधान मांडतो खरा, पण ग्रंथकार इतका भोळा होता असे मला वाटत नाही. चार वेळा एकच शब्द एकाच साच्यात, आणि मध्ये ‘तो माणूस नव्हे’ हे वाक्य, हे चुकून घडलेले नसावे. वाक्य कोणाच्या तोंडी आहे तेही पाहावे: अकरावे देवाच्या तोंडी, पस्तिसावे ग्रंथकाराचे स्वतःचे, आणि एकोणतिसावे तेवढे शमुवेलाचे. त्याही पुढची एक गोष्ट मला वर्गात शिकवताना बऱ्याच उशिरा दिसली. सव्विसाव्या वचनात शमुवेल शौलाला बजावतो, ‘लो आशूब’, मी तुझ्याबरोबर परतणार नाही. एकोणतिसाव्यात म्हणतो, देव माणसासारखा मन बदलणारा नव्हे. आणि एकतिसाव्यात शौलाने पुन्हा गळ घातल्यावर ‘वय्याशोब शमुवेल’, शमुवेल परततो. माणूस कसा मन बदलतो याचे प्रात्यक्षिक, बोलणाऱ्याकडूनच, दोन वचनांच्या आत. हिब्रू कथाकार अशा ठिकाणी भाष्य करीत नाही. शब्द शेजारी ठेवतो आणि निघून जातो.

प्राचीन भाषांतरकारही इथे अडखळले होते, हे तुमच्या गटाला सांगितलेत तर थोडा धीर येईल. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात या एका अध्यायात तीन वेगळी क्रियापदे आहेत. पस्तिसाव्या वचनात खेद होणे या अर्थाचे, एकोणतिसाव्यात मन बदलणे या अर्थाचे, आणि अकराव्यात चक्क ‘पाराकेक्लेमाई’, जे ग्रीक वाचकाला ‘माझे सांत्वन झाले आहे’ असे वाटेल. म्हणजे शौलाला राजा करून देवाला बरे वाटले! भाषांतरकाराने ‘नहम’ला ठरावीक प्रतिशब्द ठेवला आणि पुढे गेला, असा माझा तर्क आहे. ॲपच्या यादीतला पहिला अर्थ उचलण्याची सवय दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे, असे मी त्यावर गमतीने म्हणतो.

मराठीत कोणता शब्द ठेवावा हे वाक्यागणिक ठरवावे लागते. एकच प्रतिशब्द सगळीकडे चालवण्याचा आग्रह धरणारे लोक मला भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण या धातूच्या बाबतीत तो टिकत नाही. मराठी वाचकाने हिब्रू मुळाशी जाणे ही काही नवलाई नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरणाची प्राथमिक पुस्तिका काढली होती, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून साऱ्या बायबलचे मराठी केले, तेही सामान्य बाईला कळावे म्हणून. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या, घरांत तर हे क्रियापद वर्षातून एकदा कानावर पडतेच. यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या दिवशी, उपास असतो. त्यांच्या मराठीत तो ‘बिरड्याचा सण’. त्या दिवशी विलापगीत वाचतात, ज्याच्या पहिल्या अध्यायात ‘एन लाह मनहेम’, तिला समजावणारा कोणी नाही, हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यानंतरच्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, यशयाचा चाळिसावा अध्याय वाचतात, जो सुरूच होतो ‘नहमू, नहमू अम्मी’ या शब्दांनी: माझ्या लोकांची समजूत घाला, समजूत घाला. विलापगीतातली रिकामी जागा त्याच धातूने भरली जाते. नहूम, नहेम्या आणि मनहेम ही नावेही याच धातूची आहेत; त्यातल्या मनहेमाचा अर्थ ‘समजावणारा’ असा, आणि विलापगीतात नसलेला माणूस तो हाच.

देव खरोखर मन बदलतो का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर व्याकरणाच्या हद्दीत राहून एवढेच म्हणता येते. काही परंपरा अशा वाक्यांना माणसाच्या भाषेत केलेले वर्णन मानतात. देवाला डोळे आणि हात आहेत असे म्हणावे तसेच हे. काही जण म्हणतात, की देवाचा स्वभाव बदलत नाही, म्हणूनच माणूस बदलला की त्याचे वागणे बदलते. यिर्मयाचा अठरावा अध्याय त्यांच्या बाजूने बोलतो. मला स्वतःला योएल २:१३ आणि योना ४:२ ही वचने महत्त्वाची वाटतात, कारण तिथे ‘अरिष्टाविषयी निहम होणारा’ हे देवाचे गुणवर्णन म्हणून येते, कृपाळू आणि मंदक्रोध या विशेषणांच्या रांगेत. योना तर त्याबद्दलच तक्रार करतो आहे. तेव्हा ‘यिन्नाहेम होणार नाही’ हे एक वाक्य उचलून बाकीची सगळी वाक्ये त्याच्याखाली दाबणे मला ग्रंथाशी प्रामाणिक वाटत नाही. तुमच्या गटातले वडीलधारे यावर वेगळे मत धरत असतील, तर त्यांच्याशी शब्दाच्या जोरावर भांडू नका. शब्द त्या वादाचा निकाल लावत नाही.

एक वचन मुद्दाम मागे ठेवले होते, कारण तिथे माझा वरचा नियमच अपुरा पडतो. ईयोब ४२:६ मध्ये ईयोब म्हणतो, ‘निहमती अल-आफार वाएफेर’. साधारणपणे याचे भाषांतर ‘धूळ व राख यांत बसून मी पश्चात्ताप करतो’ असे होते. पण ‘नहम’नंतरचे ‘अल’ बहुतेक ठिकाणी ‘याविषयी’ असते, ‘यावर बसून’ असे नसते. तसे घेतले तर ‘धूळ आणि राख यांविषयी माझे मन पालटले’, किंवा ‘मी केवळ धूळ आणि राख आहे, याविषयी माझे मन निवले’ असेही वाचता येते. दुसऱ्या अध्यायात त्याचे मित्र ‘लनहमो’, त्याची समजूत घालायलाच आले होते आणि त्यांना ती घालता आली नव्हती, हे लक्षात घेतले की हे शेवटचे वाचन फार मोहक वाटते. क्रियापदाला लागलेली अव्यये इथे तीनही वाटा उघड्या ठेवतात, आणि माझ्या प्रतीच्या समासात तिन्ही अर्थ पेन्सिलीने लिहिलेले आहेत.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी १ शमुवेलाची तीन वचने मी अशी वाचून दाखवीन. अकरावे: ‘शौलाला राजा केल्याचे मला दुःख होत आहे, कारण त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आहे.’ (इथले ‘पाठ फिरवली’ हे ‘शाब’, म्हणजे तेच ‘शूब’; फिरणारा शौल आहे, आणि चुकीच्या दिशेने.) एकोणतिसावे: ‘तो खोटे बोलत नाही, आणि दिलेला शब्द फिरवत नाही; शब्द फिरवायला तो काही माणूस नव्हे.’ पस्तिसावे: ‘शमुवेलाने शौलासाठी शोक केला, आणि शौलाला इस्राएलाचा राजा केल्याचे परमेश्वराला दुःख झाले.’ शेवटच्या वाक्यात शोक करणारा संदेष्टा आणि दुःखी देव एकाच ओळीत आले आहेत, तिथे थोडे थांबा. मूळ हिब्रूतही ते एकाच वचनात आहेत. चारही ठिकाणचा शब्द एकच आहे ही गोष्ट मात्र भाषांतरात हरवेल, म्हणून ती तोंडाने सांगावी लागेल, आणि सव्विसाव्या व एकतिसाव्या वचनातले ‘परतणे’ त्यांना स्वतःहून सापडते का ते पाहावे.